शाबास, राजा!

(मॉरिशसमधील एका प्राथमिक शाळेत प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी मुलांसमोर केलेले भाषण.)



मी प्राण्यांची डॉक्टर आहे. तुमच्यापैकी कोणाकोणाच्या घरी कुत्रा आहे? हात वर करा पाहू! अरे वा, कितीतरी हात वर आले! आता सांगा, कोणाचा कुत्रा फार भुंकतो? पुन्हा जवळजवळ तेवढेच हात! मग आजचे माझे बोलणे तुमच्यासाठीच आहे.

आधी माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगते. मी तुमच्याएवढी होते, तेव्हा आमच्याकडे मोती नावाचा कुत्रा होता. आमचे घर उसाच्या शेतांजवळ होते. मोतीला आम्ही दिवसभर आंब्याच्या झाडाला साखळीने बांधून ठेवत असू. रस्त्याने कोणी गेले, की तो भुंकायचा. रात्रीही भुंकायचा. शेजारचे काका साखर कारखान्यात पहाटेच्या पाळीला जात. त्यांची झोप होईना. ते बाबांना म्हणाले, "भाऊ, काहीतरी करा."

आम्ही काय केले? मोतीवर ओरडलो! आजी खिडकीतून ओरडे, मी दारातून ओरडे. बाबा काठी दाखवत. मोती अधिकच भुंके. शेवटी एका रविवारी बाबांनी त्याला दूरच्या गावी एका माणसाला देऊन टाकले. गाडीच्या मागच्या काचेतून तो माझ्याकडे पाहत होता. त्यानंतर तो मला कधीच दिसला नाही.

पुढे मी डॉक्टर झाले. कुत्र्यांविषयी शिकले. तेव्हा मला कळले, की चूक मोतीची नव्हती, आमची होती.

मुलांनो, भुंकणे हे कुत्र्याचे बोलणे आहे. "कोणीतरी आले आहे," "मला भीती वाटते," "मी एकटा आहे," "माझ्याशी खेळा ना," हे सारे तो भुंकूनच सांगतो. त्याचे कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात. आपल्याला ऐकू न येणारे बारीक आवाजही त्याला ऐकू येतात. म्हणून आपल्याला वाटते, की तो उगाच भुंकतो आहे.

काही कुत्रे तर भुंकण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. बीगल हा असाच एक लहान शिकारी कुत्रा. अशा शिकारी कुत्र्यांना इंग्रजीत हाउंड म्हणतात. इंग्लंडमध्ये पूर्वी बीगल सशांच्या वासावर धावत आणि धावताना मोठ्याने आवाज करीत. त्या आवाजावरून मागून चालत येणाऱ्या शिकाऱ्याला कळे, की कुत्रे कोठे आहेत. आता बीगल घरात राहतो, पण त्याचा गळा मात्र तसाच आहे!

असाच एक बीगल काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. त्याचे नाव राजा. त्याच्याबरोबर पाचवीत शिकणारी एक मुलगी आणि तिचे बाबा होते. बाबा म्हणाले, "डॉक्टरबाई, शेजारी रोज तक्रार करतात. याला आता कोणाला तरी देऊन टाकतो." मुलीने राजाच्या मानेत तोंड लपवले. मला माझा मोती आठवला.

मी म्हणाले, "मला एक महिना द्या." मग मी त्या मुलीला विचारले, "राजा केव्हा भुंकतो?" ती म्हणाली, "सारखाच!" मी तिला एक वही दिली. राजा किती वाजता आणि कशावर भुंकतो, ते आठ दिवस लिहायला सांगितले.

आठ दिवसांनी ती वही घेऊन आली. सकाळी पाववाल्याचा भोंगा वाजला, की राजा भुंके. दुपारी पोस्टमन दिसला, की भुंके. संध्याकाळी तिने आपल्याशी खेळावे म्हणून भुंके. पाहा बरे! तो सारखा भुंकत नव्हता. प्रत्येक वेळी काही कारण होते.

पोस्टमनची गंमत सांगते. पोस्टमन रोज येतो, पत्र टाकतो आणि जातो. पण राजाला वाटे, "मी भुंकलो, म्हणून तो पळाला!" रोज त्याचा विजय होई, मग तो भुंकणे का सोडेल?

म्हणून पहिले काम म्हणजे कारण दूर करणे. बाबांनी फाटकाच्या गजांना आतून पत्रा लावला. आता राजाला रस्ता दिसेना. रोज सकाळ-संध्याकाळ बाबा आणि मुलगी त्याला फिरायला नेऊ लागले. मुलगी गवतात त्याच्या खाण्याचे दाणे लपवी आणि राजा वास घेऊन ते शोधी. शिकारी कुत्र्याच्या नाकाला काम मिळाले, की त्याचे मनही रमते.

दुसरे काम म्हणजे 'शांत' हा शब्द शिकवणे. भाऊ बाहेर जाऊन घंटी वाजवी. राजा भुंकू लागे. मुलगी हळू आवाजात म्हणे, "शांत," आणि वाट पाही. राजा श्वास घ्यायला क्षणभर थांबला, की ती लगेच म्हणे, "शाबास, राजा!" आणि उकडलेल्या कोंबडीचा, हाड नसलेला, छोटासा तुकडा त्याला देई. लगेच देणे महत्त्वाचे. उशीर झाला, तर बक्षीस कशाचे, हे कुत्र्याला कळत नाही. प्रथम २ सेकंद शांत राहिल्यावर बक्षीस, मग ५, मग १०, मग ३०. अशी हळूहळू वेळ वाढवायची.

पण एक अडचण आली. आजी मराठीत म्हणे, "गप्प बस." बाबा क्रिओलमध्ये रागावत, तर भाऊ फ्रेंचमध्ये! बिचाऱ्या राजाला कोणाचेच कळेना. मग सर्वांनी ठरवले, की एकच शब्द वापरायचा: शांत. आणि ओरडायचे नाही. आपण ओरडलो, तर कुत्र्याला वाटणार, की आपली माणसेही भुंकू लागली!

तिसरे काम सर्वांत कठीण होते. ते म्हणजे धीर धरणे. राजा खेळासाठी भुंकला, की मुलगी पाठ फिरवी. तो गप्प झाला, की मगच खेळे. पहिले काही दिवस तो आणखी मोठ्याने भुंकला. मुलगी रडवेली झाली, पण तिने नियम मोडला नाही.

महिना संपला. राजाचे भुंकणे बंद झाले का? नाही! आणि तसे व्हायलाही नको. रात्री चोर आला, तर त्याने भुंकायलाच हवे. पण आता घंटी वाजली, की तो तीन-चार वेळा भुंकतो. "शांत" म्हटले, की मुलीकडे पाहून शेपटी हलवतो. बाबा मला म्हणाले, "डॉक्टरबाई, राजा आमच्याकडेच राहणार." ही माझ्या आयुष्यातील फार मोठी फी होती!

मुलांनो, काही गोष्टी लक्षात ठेवा. ३१ डिसेंबरला फटाके वाजतात, तेव्हा कुत्रा भीतीने भुंकतो. तेव्हा त्याला शिकवू नका. घरात घ्या, त्याच्याजवळ बसा. कुत्रा अचानक फार भुंकू लागला, तर कदाचित त्याला काही दुखत असेल. त्याला डॉक्टरांकडे न्या. बक्षीस म्हणून चॉकलेट, द्राक्षे किंवा कांदा घातलेले पदार्थ कधीही देऊ नका. ते कुत्र्याला विषासारखे असतात. आणि हे सारे घरातील मोठ्या माणसांबरोबर, स्वतःच्याच कुत्र्याला शिकवा. अनोळखी कुत्र्याजवळ जाऊ नका.

आता शेवटचे सांगते. कुत्रा भुंकला, की सर्वांचे लक्ष जाते. पण तो शांत बसलेला असतो, तेव्हा त्याच्याकडे कोणीच पाहत नाही. आज घरी गेल्यावर तुमचा कुत्रा शांत बसलेला दिसला, तर त्याच्याजवळ जा आणि हळूच "शाबास" म्हणा.

माझ्या मोतीला तसे कोणी कधी म्हटले नाही. तुम्ही तुमच्या कुत्र्याला जरूर म्हणा.