दोन स्कोअर, आठ युनिव्हर्सिटी आणि बाबांचा एक प्रश्न

(या भागात मी जे बोललो ते जवळपास तसंच खाली दिलंय. बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी.)



सध्या अॅप्लिकेशनचे दिवस आहेत आणि मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "दादा, जीआरई दोनदा दिली. कोणता स्कोअर पाठवू?" तर आज माझाच किस्सा सांगतो. त्यात माझा गाढवपणाही आहे, तो लपवणार नाही.

मी साताऱ्याचा, मेकॅनिकलवाला. पहिली जीआरई पुण्यात सेंटरवर जाऊन दिली. पेपर संपला की स्क्रीन विचारते, स्कोअर रिपोर्ट करायचा की कॅन्सल? लक्षात घ्या, हे स्कोअर दिसायच्या आधी विचारतात. कॅन्सल केलं तर तुम्हालाही दिसत नाही. नंतर मन बदललं तर ६० दिवसांत पैसे भरून तो परत मिळवता येतो. मी रिपोर्ट केला. क्वांट १५८, व्हर्बल १५१. पोटात गोळाच आला.

मग पुढची स्क्रीन आली: चार युनिव्हर्सिटींना स्कोअर फुकट पाठवता येईल. आता आपण फुकट सोडणारी माणसं आहोत का? धडाधड चार नावं टाकली. स्कोअर आवडला नव्हता, तरी पाठवला. का? तर नंतर प्रत्येक रिपोर्टला वेगळे पैसे पडतात म्हणून. हा तो गाढवपणा.

काही दिवसांनी रायटिंगचा आकडाही आला, ३.०. दुसरी परीक्षा दोन महिन्यांनी दिली. (दोन परीक्षांमध्ये २१ दिवसांचं अंतर लागतं आणि १२ महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा देता येते.) या वेळी क्वांट १६६, व्हर्बल १४८, रायटिंग ३.५. म्हणजे क्वांट वर गेलं आणि व्हर्बल खाली आलं! मनात आलं, पहिल्याचं व्हर्बल आणि दुसऱ्याचं क्वांट जोडून पाठवू. जमत नाही. एका तारखेचा स्कोअर अख्खा जातो, तिन्ही भागांसकट.

जे जमतं त्याला स्कोअरसिलेक्ट म्हणतात. परीक्षेच्या दिवशी दोनच पर्याय असतात: आत्ताचा स्कोअर, नाहीतर गेल्या पाच वर्षांतले सगळे. नंतर अकाउंटमधून पाठवताना तिसरा पर्याय मिळतो: हवी ती तारीख निवडा. आणि तुम्ही एकच निवडला, तर आणखी परीक्षा दिल्या होत्या हे त्या रिपोर्टवर कुठेही दिसत नाही.

रविवारी घरी गेलो, वही घेऊन बसलो आणि आठही प्रोग्रामची पानं नीट वाचली. युनिव्हर्सिटीचं नाही, प्रोग्रामचं पान. कारण एकाच युनिव्हर्सिटीत एका डिपार्टमेंटला जीआरई लागते आणि शेजारच्याला लागत नाही. पहिल्या चारपैकी एक प्रोग्राम जीआरई बघतच नव्हता. फुकटातला एक रिपोर्ट पाण्यात! उरलेल्या तिघांकडे माझा १५८ पोचलेलाच होता. त्यांना दुसरा पाठवला की दोन्ही दिसणार, पण न पाठवता कमीवरच थांबण्यापेक्षा ते बरं. पाठवला.

बाकी चारपैकी दोघांना फॉर्ममध्ये आपणच स्कोअर भरला तरी चालत होतं, अधिकृत रिपोर्ट अॅडमिशन मिळाल्यावर. तिथे खर्च शून्य. एकाला अधिकृत रिपोर्ट लागत होता, तिथे फक्त दुसरा पाठवला. मेकॅनिकलला आधी क्वांट बघणार, असा माझा हिशोब. तुमचं पब्लिक पॉलिसी वगैरे असेल तर हिशोब उलटाही होईल. आणि नुसत्या आकड्यावर जाऊ नका, परसेंटाइल बघा. व्हर्बलच्या १६० चा परसेंटाइल क्वांटच्या १६५ पेक्षा वर असतो, कारण क्वांटला वरच्या टोकाला गर्दी फार.

राहिला आठवा. त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं, सगळ्या परीक्षांचे स्कोअर द्या. मी अडकलो. रिपोर्टवर दिसतच नाही, तर कोणाला कळणार?

बाबा शेजारीच पेपर वाचत होते. म्हटलं, "बाबा, तुम्ही सांगा. पहिला कमी स्कोअर दाखवला नाही तर चालेल का?"

त्यांनी चष्मा काढला. "पहिला म्हणजे? तू दोनदा दिलीस?"

मंडळी, मी घरी सांगितलंच नव्हतं. पहिल्या परीक्षेची वीस हजारांवर फी बाबांनी आरडी मोडून दिली होती. दुसरीची मी मित्राकडून उसनी घेतली. घरी फक्त १६६ सांगून पेढे खाल्ले होते. युनिव्हर्सिटीचं सोडा, मी आधी बाबांवरच स्कोअरसिलेक्ट वापरला होता.

ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, त्यांनी सगळे मागितलेत ना? मग निवडायचं काय उरलं त्यात? आणि मित्राचे पैसे या महिन्यात देऊन टाक."

विषय संपला. आठव्याला दोन्ही पाठवले.

निकाल? जिथे फक्त दुसरा स्कोअर गेला, तिथून नकार आला. जिथे दोन्ही दिसत होते त्यातल्या एकाने घेतलं, सध्या तिथेच दुसरं वर्ष चालू आहे. यावरून कमी स्कोअरही पाठवा असा अर्थ काढू नका. स्कोअरसोबत एसओपी, शिफारसपत्रं, प्रोजेक्ट सगळंच बघतात. कशामुळे घेतलं ते मला कोणी सांगितलं नाही.

तर थोडक्यात: फुकट आहे म्हणून घाईत पाठवू नका, आधी यादी पक्की करा. जिथे निवडायची मुभा आहे तिथे बिनधास्त निवडा, ती लबाडी नाही, नियमच तसा आहे. जिथे सगळे मागितलेत तिथे सगळे द्या. आणि घरी फोन करून खरा आकडा सांगा. तिथे सिलेक्टचं बटण नको.

तुमचं कुठे अडलंय ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!