धूर आधी बाईच्या छातीत जातो

(काजू प्रक्रियेत काम करणाऱ्या महिलांच्या शिबिरातील भाषण)



पर्यावरण म्हटलं की आपल्याला जंगल, नदी, मोठ्या कारखान्यांचं सांडपाणी आठवतं. पण वेंगुर्ला, सावंतवाडी, चंदगड भागातली काजूची शेड पाहा. शेड छोटी, आणि फोडायला-सोलायला बसलेल्या बहुतेक बायकाच. इथला धूर गावावर पसरण्याआधी त्यांच्या छातीत जातो. म्हणून प्रदूषण आणि कामगार बाईचं आरोग्य हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

काजूच्या टरफलात वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के तेल असतं. ते इतकं जहाल की कातडीला लागलं तर फोड येतात. बी ड्रममध्ये भाजली की हेच तेल जळतं आणि डोळे-घसा झोंबवणारा धूर निघतो. बी वाफेवर शिजवली तर धूर बराच कमी होतो. पण तेल टरफलातच राहतं आणि कटरवर बसलेल्या बाईच्या बोटांना लागतं. हवा सुधारते, हात पोळतच राहतात. हातमोजे घातले तर वेग मंदावतो आणि मजुरी तर किलोवर! बायका मोजे घालत नाहीत हा त्यांचा अडाणीपणा नाही, मजुरीच्या पद्धतीचा परिणाम आहे.

ज्या गटांचं स्वतःचं युनिट आहे, त्यांनी काय करावं? ड्रमऐवजी वाफ वापरा. टरफल भट्टीत तसंच जाळू नका, तेल काढणाऱ्या घाण्याला विका. रंग, वॉर्निश, गाड्यांचे ब्रेक यांसाठी ते तेल लागतं. तेल काढलेली पेंड जाळली तर धूर कमी होतो. गरावरची तांबडी साल उकिरड्यावर जाऊ देऊ नका. तिच्यात टॅनिन असतं, कातडी कमावायला ती चालते. गर सुकवायला जमेल तिथे सौर वाळवणी यंत्र घ्या, तेवढं लाकूड वाचेल. आणि हातमोजे, साबण, हाताला लावायचं तेल हा खर्च बाईच्या पदराला नको, तो उत्पादनखर्चात धरा. टरफलाचे पैसे आधी त्यासाठी वापरा.

ज्या मालकाच्या शेडमध्ये काम करतात, त्यांची अडचण वेगळी आहे. काजू प्रक्रियेसाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये प्रदूषणाची मानकं ठरवली. त्यांच्या आधारे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करता येते. पण शेड बंद पडली तर चूल कशी पेटणार, ही भीती खरी आहे. नवं यंत्र आलं की माणसं कमी करतात, हेही आपण पाहतो. म्हणून आपली मागणी ‘शेड बंद करा’ अशी नसावी. ‘पद्धत बदला, कोणालाही कामावरून काढू नका आणि मोजे घालून जेवढं काम होतं त्यावर मजुरीचा दर ठरवा’, अशी असावी. ती एकटीने नव्हे, सगळ्यांनी मिळून मांडायची.

चिमणी उंच केली की धूर गावाला दिसेनासा होतो. शेडमधल्या बाईला श्वास घेता येतो का, हे मात्र तिलाच विचारावं लागेल. सुधारणा झाली की नाही, हे आपण त्यावरूनच ठरवू या.