बदनामीसाठी तुरुंग कशाला?

मगाशी तुमच्यातल्या एकाने विचारलं, "सर, करोनात तबलीगींच्या नावाने चॅनेलवाल्यांनी आपल्याला बदनाम केलं. त्यांना तुरुंगात का टाकू नये?" राग खरा आहे. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द करताना माध्यमांतल्या प्रचारावर बोट ठेवलं होतं. तरी माझं उत्तर 'नको' हेच आहे.

हे हत्यार चालतं कुणावर, ते बघा. इंग्रजांच्या १८६० च्या दंड संहितेतलं कलम ४९९-५०० आता न्याय संहितेत ३५६ झालं. दोन वर्षांपर्यंतची कैद तशीच राहिली. खुद्द इंग्लंडने हा गुन्हा २०१० मध्ये मोडीत काढला; आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो वैध ठरवला. मला तो निकाल पटलेला नाही.

यात नुसतं खरं बोलणं पुरत नाही. ते लोकहिताचं होतं, हेही आरोपीनेच दाखवायचं. समजा, तुम्ही जमातच्या ट्रस्टचा हिशेब यूट्यूबवर मागितला आणि ट्रस्टी कोर्टात गेले. शेवटी निर्दोष सुटालही. पण तोवर प्रत्येक तारखेला कामावर खाडा, एसटीचं भाडं, वकिलाची फी. चॅनेलकडे वकिलांची फौज असते, तुमच्याकडे एक मोबाईल.

१८८२ चा कोल्हापूर खटला आठवा. दिवाण बर्वे छत्रपतींचा छळ करतात, असं टिळक-आगरकरांच्या पत्रांनी छापलं. आधाराला घेतलेली पत्रं बनावट निघाली. म्हणजे चूक होतीच. पण चुकीला दुरुस्ती असते, भरपाई असते. या दोघांना मिळाली चार महिन्यांची कैद. १०१ दिवस डोंगरीत काढले. खटल्यात त्यांच्या जामिनासाठी दहा हजार रुपये उभे केले ते जोतीराव फुल्यांचे सहकारी रामशेठ उरवणे यांनी. टिळकांचं आणि सत्यशोधकांचं किती पटायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको!

चॅनेलने नाव घेऊन बदनामी केली, तर दिवाणी दावा लावा, भरपाई मागा. आणि तुमच्यावरच तक्रार झाली, तर एवढं लक्षात ठेवा: फक्त या कलमाखाली पोलीस परस्पर उचलू शकत नाहीत. तक्रार दंडाधिकाऱ्यापुढे होते, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. तेव्हा दाखवायला कागद हवेत. व्हिडिओ टाकण्याआधीच ते गोळा करा.