वारा कुठेतरी पडणारच

मी नोएडाला राहते, कॉलेजात गणित शिकवते. दिवाळीच्या सुमारास दिल्लीत वारा पडतो, धूर खाली बसतो आणि मुलं विचारतात, 'मॅडम, वारा का पडला?' त्याचं उत्तर लोधी रोडवरच्या मौसम भवनातली मंडळी देतील. मी त्यांना दुसरा प्रश्न विचारते. एकाच क्षणी पृथ्वीवर सगळीकडे वारा वाहतोय, असं होईल का?

नाही होणार. वारा जागोजागी हळूहळू बदलत असेल, कुठे एकदम तुटत नसेल, तर निदान एका ठिकाणी आडवा वारा शून्य असतोच. 1912 साली ब्रौवर यांनी हे सिद्ध केलं. शेंड्यांनी भरलेला नारळ भोवरा न ठेवता विंचरता येत नाही, तसंच हे.

का? करून बघू. पृथ्वीचे त्रिकोण पाडा. प्रत्येक कोपऱ्यावर वाऱ्याचा एक बाण ठेवा, हव्या त्या दिशेने. अडचण नाही. आता कडेकडेने एक बाण हळूहळू वळवत दुसऱ्याशी जुळवा. इथेही अडचण नाही. मग त्रिकोणाचं पोट भरायचं. त्याच्या कडेने एक प्रदक्षिणा घाला आणि बाण स्वतःभोवती किती फेरे फिरला ते मोजा. शून्य असेल तर पोट भरतं. फेरा उरला तर आत कुठेतरी बाण शून्य करावाच लागतो. हाच अडथळा.

कडांवरचे बाण बदलून हा फेरा शेजारच्या त्रिकोणात ढकलता येतो. पण उलटसुलट फेऱ्यांचा सगळा हिशोब केला की बेरीज 2 च येते. उधारी या खात्यातून त्या खात्यात जाते, फिटत नाही. हा 2 वाऱ्यातून येत नाही, आकारातून येतो. ठोकळा घ्या: कोपरे 8, कडा 12, बाजू 6. आठातून बारा वजा, अधिक सहा, म्हणजे 2. पृथ्वी मेदूवड्यासारखी असती तर बेरीज शून्य आली असती आणि वारा सगळीकडे वाहू शकला असता.

अडथळ्याचं असं माप, जे आपल्या निवडीवर अवलंबून नसतं, त्याला कॅरॅक्टरिस्टिक क्लास म्हणतात. श्टीफेल आणि व्हिटनी यांनी 1935 च्या सुमारास त्याचा पाया घातला, चर्न यांनी 1946 साली तो वाढवला. यात आपल्याकडचंही काम आहे. बाण एका जागेवरून दुसरीकडे कसा न्यायचा, याच्या नियमाला कनेक्शन म्हणतात. असे सगळे नियम एकाच प्रकारच्या सार्वत्रिक नमुन्यांतून मिळतात, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या नरसिंहन आणि रामानन यांनी 1961 साली दाखवलं. चर्न आणि सायमन्स यांच्या 1974 च्या गाजलेल्या लेखात ते वापरलं आहे.

मुलांना मी एवढंच सांगते. 'जमत नाही' दोन प्रकारचं असतं. एक, सगळ्या निवडी बदलून पाहिल्या तरी उरणारं. दुसरं, निवड बदलली की जाणारं. वारा कुठेतरी शून्य असणार, हे पहिल्या प्रकारातलं. पण तो दिल्लीतच पडावा, असं कुठलंही प्रमेय म्हणत नाही. आणि वारा पडला तेव्हा हवेत इतका धूर असावा, हे तर नाहीच नाही. तो दुसऱ्या प्रकारातला आहे.