करंडक म्हणजे विसार नव्हे

पूर्वी दहावी-बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गुणवत्ता यादी छापून यायची. बोर्डात पहिली आलेली मुलगी, तिला पेढा भरवणारे आईवडील आणि खाली ठरलेला प्रश्न, 'पुढे काय व्हायचंय?' मुलगी सांगायची, डॉक्टर किंवा कलेक्टर. वर्षभरात आपण ते नाव विसरून जायचो. दहा वर्षांनी कुणाला आठवण झालीच, तर चौकशी एकाच सुरात व्हायची, 'ती पहिली आली होती ना? तिचं पुढे काही झालं का?' जणू तिनं आपल्याकडून उचल घेतली होती आणि ती फेडायची राहिली होती.

टेनिसच्या जगातही अशी एक गुणवत्ता यादी दरवर्षी लागते. श्रोतेहो, आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

विम्बल्डनच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांचे डोळे सेंटर कोर्टकडे लागलेले असतात. त्याच दिवसांत बाजूच्या कोर्टांवर अठरा वर्षांपर्यंतच्या मुलींची स्पर्धा चालू असते. चारही ग्रॅण्ड स्लॅममध्ये अशी स्पर्धा होते. विम्बल्डनमध्ये ती १९४७ साली सुरू झाली आणि १९५२ मध्ये आपल्या रिटा दावर तिथं अंतिम फेरीपर्यंत पोचल्या होत्या. जिंकणाऱ्या मुलीला करंडक मिळतो, टाळ्या मिळतात; बक्षिसाची रक्कम मात्र मिळत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी येतात आणि त्या दोन ओळींत 'उद्याची तारका' हे शब्द हमखास असतात.

त्या उद्याचं काय होतं? मी कवितेचा माणूस. तरी हा हिशेब मला आवडतो, म्हणून मांडून पाहिला. २००० ते २०१८ या काळात विम्बल्डनमध्ये मुलींच्या एकेरीत एकोणीस विजेत्या झाल्या. त्यांपैकी पुढे महिलांच्या एकेरीत एखादी तरी ग्रॅण्ड स्लॅम जिंकली ती चौघींनी. डेन्मार्कची कॅरोलिन वोझ्नियाकी, ऑस्ट्रेलियाची ॲश्ले बार्टी, लॅटव्हियाची येलेना ओस्टापेन्को आणि पोलंडची इगा श्वियाँतेक. श्वियाँतेकला दोन वर्षं पुरली. २०१८ मध्ये मुलींचं विजेतेपद आणि २०२० मध्ये फ्रेंच ओपन. वोझ्नियाकीला तब्बल बारा वर्षं लागली. २००६ नंतर थेट २०१८ ची ऑस्ट्रेलियन ओपन.

उरल्या पंधराजणी. त्या काय वाया गेल्या? पोलंडची ॲग्निएश्का राद्वान्स्का २०१२ मध्ये आणि कॅनडाची युजेनी बुशार २०१४ मध्ये विम्बल्डनची अंतिम फेरी खेळली. स्वित्झर्लंडच्या बेलिंडा बेन्सिचनं २०२१ मध्ये टोकियोत ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. ब्रिटनची लॉरा रॉब्सन २००८ मध्ये चौदाव्या वर्षी घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकली. २०१२ च्या अमेरिकन ओपनमध्ये तिनं किम क्लायस्टर्सला आणि ली नाला हरवलं. पुढे मनगट आणि कंबरेच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि २०२२ मध्ये तिनं निवृत्ती जाहीर केली. थायलंडची नोप्पावान लेर्टचीवाकर्न २००९ ची विजेती. एकेरीत ती कधीच पहिल्या शंभरात आली नाही. करंडक एकच, वाटा मात्र वेगवेगळ्या.

असं का होतं? पहिलं कारण अगदी साधं आहे. मोठ्यांच्या क्रमवारीत ज्युनियरचे गुण धरले जात नाहीत. सतराव्या वर्षी जगात पहिली असलेली मुलगी अठराव्या वर्षी पुन्हा पायरीच्या तळाशी उभी असते. छोट्या गावांतल्या छोट्या स्पर्धा, तुटपुंजी बक्षिसं, प्रवासाचा नि प्रशिक्षकाचा खर्च, आणि समोर तिशीतल्या कसलेल्या बायका. त्यांना हिच्या करंडकाचं काही कौतुक नसतं. त्यांना घरभाडं भरायचं असतं. अलीकडे ज्युनियर क्रमवारीत अगदी वर असलेल्या काही मुलींना मधल्या दर्जाच्या स्पर्धांत थेट प्रवेश मिळू लागला आहे, हे चांगलंच झालं. पण पायऱ्या चढायच्या त्या चढाव्याच लागतात.

दुसरं कारण, शरीर आणि मन सगळ्यांचं एकाच वेळी पिकत नाही. २००२ मध्ये विम्बल्डनच्या मुलींच्या अंतिम सामन्यात रशियाच्या वेरा दुशेविनानं आपल्याच देशाच्या एका मुलीला हरवलं. हरलेल्या मुलीचं नाव मारिया शारापोवा. दोनच वर्षांनी, २००४ मध्ये, सतरा वर्षांची शारापोवा महिलांची विम्बल्डन विजेती झाली. दुशेविनाही पुढे बरीच वर्षं व्यावसायिक टेनिस खेळली, २००९ मध्ये तिनं इस्तंबूलची स्पर्धा जिंकली. पण त्या एका सामन्यावरून भविष्य सांगणाऱ्याची पोथी खोटीच ठरली असती.

याहून बोलकं उदाहरण चेक प्रजासत्ताकातल्या जुळ्या बहिणींचं. २०१० मध्ये कॅरोलिना प्लिस्कोवानं ऑस्ट्रेलियन ओपनचं मुलींचं विजेतेपद मिळवलं आणि त्याच वर्षी क्रिस्टिनानं विम्बल्डनचं. एकाच घरातल्या, एकाच दिवशी जन्मलेल्या. एक उजव्या हातानं खेळणारी, दुसरी डावखुरी. कॅरोलिना २०१७ मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. क्रिस्टिना पस्तिसाव्या क्रमांकाच्या वर गेली नाही. २०१६ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिनं एका सामन्यात एकतीस बिनतोड सर्व्हिस केल्या. महिलांच्या सामन्यातला तो विक्रम होता, आणि तो सामना ती हरली! सख्ख्या जुळ्या बहिणींच्या बाबतीत जिथं अंदाज चुकतो, तिथं दुसऱ्यांच्या मुलींचं भाकीत आपण कोण करणार?

आपल्याकडे जमिनीचा व्यवहार ठरला की विसार देतात. विसार घेतला म्हणजे शब्द दिला; खरेदीखत पुरं करून द्यायलाच हवं. मला वाटतं, लहान वयातल्या करंडकाकडे आपण असंच विसार म्हणून पाहतो. चौदा वर्षांच्या पोरीनं एक स्पर्धा जिंकली की तिचं सगळं आयुष्य आपल्या नावावर झालं असं धरून चालतो. मग ती थकली, आजारी पडली, तिचं मन उडालं, तर आपल्याला ती फसवणूक वाटते.

अमेरिकेच्या जेनिफर कॅप्रियातीनं १९८९ मध्ये तेराव्या वर्षी फ्रेंच आणि अमेरिकन या दोन्ही ज्युनियर स्पर्धा जिंकल्या. चौदावं लागायच्या आतच, मार्च १९९० मध्ये, ती व्यावसायिक झाली. जाहिरातदार दारात उभेच होते. त्याच वर्षी फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी, १९९२ मध्ये बार्सिलोनात स्टेफी ग्राफला हरवून ऑलिंपिक सुवर्ण. आणि सतराव्या-अठराव्या वर्षी ती कोर्टावरून नाहीशी झाली. ज्या वर्तमानपत्रांनी तिच्या हसऱ्या चेहऱ्याची छायाचित्रं छापली होती, त्यांनीच तिच्या पडझडीचीही छापली. १९९५ पासून महिला टेनिसनं वयाचा नियम कडक केला. चौदा वर्षांखालच्या मुलीला व्यावसायिक स्पर्धा बंद, आणि पुढे अठरापर्यंत वर्षाला ठरावीकच स्पर्धा. एका मुलीचं कोमेजणं बघितल्यावर मोठ्यांना हे शहाणपण सुचलं. कॅप्रियाती मात्र परत आली. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच, २००२ मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियन ओपन. चौदाव्या वर्षी लोकांनी जे तिच्याकडून मागितलं होतं, ते तिनं पंचविशीत, स्वतःच्या वेळेनं मिळवलं.

ॲश्ले बार्टीची गोष्ट तर क्रिकेटवेड्या आपल्या लोकांना फारच जवळची वाटेल. पंधराव्या वर्षी, २०११ मध्ये, तिनं मुलींची विम्बल्डन जिंकली. २०१४ मध्ये, अठराव्या वर्षी, तिनं रॅकेट बाजूला ठेवली आणि नंतर चक्क बॅट हातात घेतली. २०१५-१६ च्या हंगामात ती ब्रिस्बेन हीटकडून क्रिकेट खेळली. २०१६ मध्ये टेनिसकडे परतली. मग २०१९ ची फ्रेंच ओपन, २०२१ ची विम्बल्डन, २०२२ ची ऑस्ट्रेलियन ओपन. आणि लगेच मार्च २०२२ मध्ये, जगात पहिली असताना, पंचविसाव्या वर्षी निवृत्ती! खेळ सोडणं आणि पुन्हा धरणं, दोन्ही तिनंच ठरवलं. मला तिच्या तीन करंडकांइतकंच हे ठरवणं मोलाचं वाटतं.

अमांडा अनिसिमोवानं २०१७ मध्ये अमेरिकन ओपनचं मुलींचं विजेतेपद मिळवलं. २०१९ मध्ये तिचे वडील वारले. तेच तिचे प्रशिक्षकही होते. २०२३ मध्ये मनाच्या थकव्यामुळे तिनं काही महिने खेळ थांबवला. २०२५ मध्ये ती विम्बल्डनच्या अंतिम फेरीत आली आणि श्वियाँतेककडून ६-०, ६-० अशी हरली. असा पराभव जगासमोर झाल्यावर माणसानं तोंड लपवावं. पण दोन महिन्यांच्या आत अमेरिकन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत तिनं त्याच श्वियाँतेकला सरळ दोन सेटमध्ये हरवलं आणि अंतिम फेरी गाठली.

आता आपल्या मुलीकडे येऊ. २००३ मध्ये विम्बल्डनमध्ये मुलींच्या दुहेरीचं विजेतेपद दोघींनी मिळून जिंकलं. एक सोळा वर्षांची सानिया मिर्झा, मुंबईत जन्मलेली, हैदराबादेत वाढलेली. दुसरी रशियाची अलिसा क्लेबानोवा, तेव्हा पुरती चौदा वर्षांचीही नव्हती. अलिसा फेब्रुवारी २०११ मध्ये एकेरीत जगात विसावी झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये तिला हॉजकिन लिम्फोमा हा कर्करोग झाल्याचं जाहीर झालं. उपचार घेऊन २०१२ मध्ये ती मायामीत पुन्हा कोर्टावर उतरली आणि तो पहिलाच सामना जिंकली. नंतर ती पहिल्या वीसजणींत कधी आली नाही. पण कर्करोगातून उठून जिंकलेला तो एक सामना कुठल्या क्रमवारीत मोजायचा?

सानियानं २००५ मध्ये हैदराबादची स्पर्धा जिंकली, त्याच वर्षी अमेरिकन ओपनची चौथी फेरी गाठली. त्याच वर्षी तिच्या कपड्यांवरून काही मौलवींनी आक्षेपही घेतले आणि देशभर चर्चा झाली. ती चर्चा मी मुसलमान घरात बसून ऐकत होतो. बाहेर एवढा गदारोळ, पण आमच्या मोहल्ल्यातल्या ज्या बायकांनी जन्मात टेनिसचं मैदान पाहिलं नव्हतं, त्या संध्याकाळी एकमेकींना विचारायच्या, 'सानिया जीती क्या?' तिच्या स्कर्टची लांबी त्यांच्यापैकी एकीनंही मोजली नाही. मुलीनं घराबाहेर पडून काहीतरी करून दाखवलं, एवढंच त्यांना दिसत होतं.

२००७ मध्ये ती एकेरीत सत्ताविसाव्या स्थानावर पोचली. मग मनगटानं दगा दिला, शस्त्रक्रिया झाल्या. 'संपली सानिया' असं लोक बोलू लागले. तिनं एकेरी सोडली आणि दुहेरीची वाट धरली. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली. त्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात, तिसऱ्या सेटमध्ये २-५ अशी पिछाडी भरून काढून ती जिंकली. जोडीदार कोण? मार्टिना हिंगिस! १९९३ मध्ये बाराव्या वर्षी फ्रेंच ओपनची मुलींची विजेती, १९९७ मध्ये सोळाव्या वर्षी जगात पहिली, दुखापतींमुळे बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा निवृत्त. लहानपणीच्या दोन विजेत्या, दोघींच्या शरीरांनी एकदा नाही म्हटलेलं, आणि तिशीच्या आसपास त्या एकमेकींचा आधार होऊन जग जिंकत होत्या. त्या दोघींनी सलग एक्केचाळीस सामने जिंकले. २०२३ मध्ये सानिया निवृत्त झाली तेव्हा दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून तिच्या नावावर सहा ग्रॅण्ड स्लॅम होती.

वाटा आणखीही आहेत. मूळची श्रीरामपूरची ऋतुजा भोसले ज्युनियर टेनिस खेळून अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात शिकायला गेली, तिथं खेळली, परत आली आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. शिक्षण घेतलं म्हणून खेळ सुटला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबई ओपनमध्ये कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन रेवती उपांत्य फेरीपर्यंत गेली. लगेच 'दुसरी सानिया' असे मथळे घालायची घाई कुणालाही होईल. ती घाई आवरावी, एवढीच माझी विनंती. पंधरा वर्षांच्या मुलीनं मुंबईत सुंदर टेनिस खेळून दाखवलं. ती गोष्ट तिथंच पूर्ण आहे. पुढची तिची ती लिहील.

आम्हा कवींचंही असंच असतं. कॉलेजच्या काव्यस्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवणारे सगळेच पुढे लिहीत राहत नाहीत. म्हणून ती पहिली कविता खोटी ठरत नाही.

तुमच्या घरातली, शेजारातली एखादी मुलगी उद्या खेळात, परीक्षेत, गाण्यात पहिली येईल. पेढे जरूर वाटा. फक्त 'पुढे काय?' हा प्रश्न दोन दिवस खिशात ठेवा. तिला विचारा, 'आज खेळताना मजा आली का?' ती काय सांगते ते नीट ऐका. तिचं 'हो' ऐकून आनंद माना. आणि कधी ती 'नाही' म्हणाली, तर तिला पाहिजे तेवढी विश्रांती द्या.