नर्सिंगला तरी



दरवर्षी जून महिन्यात माझ्या दाराची कडी वाजते. बाहेर कुणाचे तरी वडील उभे असतात. हातात प्लास्टिकची फाईल, मागे ओढणी सावरत मुलगी. कुणी पैठणचे, कुणी घनसावंगीचे, कुणी पार माजलगावहून पहाटेची एसटी धरून आलेले. पाणी पितात, घाम पुसतात आणि म्हणतात, "बाई, एमबीबीएसला नंबर लागत नाही, बीएएमएसचंही अवघड दिसतंय. आता पोरीला नर्सिंगला तरी टाकावं म्हणतो."

पाठ्यनिर्देशिका म्हणून माझं आयुष्य मुलींना परिचर्या शिकवण्यात गेलं. हा 'तरी' मला लागतो. पण माझ्या मनाला लागतो म्हणून मी आज इथं उभी नाही. या दोन अक्षरांपायी मुलीचं वर्ष वाया जातं, म्हणून बोलते आहे.

नीटचा निकाल लागतो जूनमध्ये. बीएस्सी नर्सिंगच्या राज्यातल्या जागांसाठी मात्र 2023पासून सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा आहे. तिचे अर्ज हिवाळ्यात, बारावीच्या प्रॅक्टिकलच्या धांदलीत भरावे लागतात. नीटकडे डोळे लावून बसलेल्या घराला त्याचा पत्ताही नसतो. जूनमध्ये ते माझ्याकडे येतात तेव्हा सीईटी होऊन गेलेली असते. सैन्यदलाच्या नर्सिंगला नीटचे गुण धरतात, पण त्या जागा मोजक्या, अन् तिथं जायचं तर आधीपासून तसं ठरवावं लागतं.

परीक्षा काही डोंगर नाही. 100 प्रश्न, 90 मिनिटं. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकी 20. चुकलं तर गुण कापत नाहीत. बारावीला तीन शास्त्रं मिळून 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40, आणि इंग्रजीत पास. इंग्रजीच्या 20 प्रश्नांना मराठी माध्यमातल्या मुली घाबरतात. त्यांना मी सांगते, औषधांची नावं आणि केसपेपर इंग्रजीतच असतात, तेव्हा ते शिकावंच लागेल. पण रात्री दोन वाजता म्हातारी "पोटात कालवाकालव होतीय गं" म्हणते, तेव्हा काय होतंय हे ओळखायला तुमच्या गावची भाषाच लागते. ती तुमच्याकडे आहे.

खरी अडचण कागदांची. एक मुलगी आठवते. सीईटीला उत्तम गुण, पहिल्या फेरीत हवं ते कॉलेज, पण जातवैधता प्रमाणपत्र हातात नाही. वडिलांनी अर्ज टाकला होता तो निकालानंतर. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल मिळवायला ते तीनदा तालुक्याला गेले. तिसऱ्यांदा पायातली चप्पल तुटली, ती तशीच ओढत आले होते. तारीख निघून गेली होती. म्हणून अकरावी-बारावीच्या वर्गांत जाऊन मी हेच सांगते: पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका. नॉन-क्रिमिलेयरची मुदत कधी संपते ते बघा. आधार कार्डावरचं नाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव जुळतंय का, हे आज रात्री घरी गेल्यावर बघा.

पैशांचंही सांगते. 8 जुलै 2024च्या शासन निर्णयाने वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागास, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मुख्य अट ही, की प्रवेश कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. "कॅपच्या भानगडीत पडू नका, मी सीट काढून देतो" असं सांगणारा माणूस भेटला, तर त्याच्या चहालाही थांबू नका. आणि कॉलेजाला भारतीय परिचर्या परिषदेची, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी ते संलग्न आहे का, हे विचारा. मग विचारा, मुली शिकायला कुठल्या दवाखान्यात जातात, तिथं रोज रुग्ण किती असतात. इमारत चकचकीत आणि खाटा रिकाम्या असतील, तर चार वर्षांत हात तयार होत नाही.

हात म्हणजे काय, ते दाखवते. डॉक्टर लिहून जातात, 500 मिलि सलाईन आठ तासांत. प्रत्येक खाटेला पंप नसतो. सेटमधून एका मिलिलिटरला 20 थेंब पडतात. म्हणजे 10,000 थेंब, 480 मिनिटांत. मिनिटाला एकवीस. मुलगी घड्याळ डोळ्यांसमोर धरते, बोटाने नळीवरची चकती हळूच फिरवते, मोजते. सतरा. थोडं सैल. चोवीस. पुन्हा आवळते. एकवीस. रुग्ण कुशीवर वळला की पुन्हा मोजायचं. वेग वाढला तर हृदय कमजोर असलेल्या माणसाच्या फुप्फुसात पाणी साचतं, आणि हे पहिल्यांदा लक्षात येतं ते तिच्या, कारण त्या खाटेजवळ रात्रभर तीच असते. बारावीच्या शास्त्राचे मार्क कशाला लागतात, असं विचारणाऱ्यांना मी हे थेंब मोजायला लावते.

आपल्या घाटी रुग्णालयात अख्ख्या मराठवाड्यातून माणसं येतात. नातेवाइकांना डॉक्टर राउंडला दिसतात, सिस्टर आठही तास दिसते. तरी घरी मुलीसाठी डॉक्टर हवा असतो, नर्स नको. हे जुनं आहे. परक्याच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, म्हणून चांगल्या घरच्या बायका यात नसत. 1897च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी रोगी पोराला पाठीवर घेऊन मुलगा यशवंतरावांच्या दवाखान्यापर्यंत आणलं आणि त्याच साथीत त्या गेल्या. पुढे 1909मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. रमाबाई रानड्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलींना, विधवांना परिचर्येच्या शिक्षणाला पाठवलं, लोकांची बोलणी खाल्ली. त्या बायकांना कुणी 'तरी' म्हणून तिकडे ढकललेलं नव्हतं. उलट लोक अडवत होते, आणि त्या गेल्या.

वसतिगृह, रात्रपाळी, लग्न, या काळज्या आईबापांच्या आहेत आणि मी त्यांना खोट्या म्हणत नाही. मुलीला कॉलेजात सोडण्याआधी वसतिगृहात जाऊन या, रात्रपाळीला मुलींची ने-आण कशी होते ते विचारा. तो तुमचा हक्क आहे.

पुढची वाट मात्र रुंद आहे. जीएनएम ही नर्सिंगची पदविका तीन वर्षांची, बारावी कुठल्याही शाखेतून चालते. त्या मुलींनाही पुढे दोन वर्षांची पदवी करता येते. पण बीएस्सी झालेल्या मुलीला एम्सच्या भरतीला थेट बसता येतं, जीएनएमवालीला आधी दोन वर्षांचा अनुभव लागतो. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. पुढे एमएस्सी करून शिकवता येतं. जर्मनीला मनुष्यबळ पाठवण्याचा करार राज्याने 2024मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गशी केला, त्यात परिचारिकाही आहेत.

घनसावंगीकडच्या ज्या वडिलांनी एका जूनमध्ये मला 'नर्सिंगला तरी' म्हटलं होतं, त्यांच्या मोठीचं ते वर्ष गेलंच. ते परवा पुन्हा आले. धाकटी आता अकरावीला आहे. दारातूनच म्हणाले, "बाई, हिला नर्सिंगलाच टाकायचंय."

मी विचारलं, "पडताळणीचा अर्ज टाकला?"

"उद्या टाकतो."

"दोन वाजलेत," मी म्हटलं, "फाईल आणलीये ना? चला, आत्ताच जाऊ."