बिलात लिहिलं, पण गाडीत झालं का?

आम्ही लोहाऱ्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आजचा विषय आहे गाडीची सर्व्हिसिंग. पैसे घेऊन गॅरेजवाल्याने सांगितलेलं काम खरंच केलं का, हे कसं पाहायचं, त्याबद्दल बोलू.

काही जणींना वाटेल, हा काय बायांचा विषय आहे का? पण आपल्या गावात नजर फिरवून पाहा. कोणाकडे स्कूटी आहे, कोणाच्या दारात ट्रॅक्टर आहे, कोणी कर्ज काढून मालाची गाडी घेतली आहे. हप्ता आपल्या घरातून जातो, सर्व्हिसिंगचे पैसे आपल्या डब्यातून जातात. म्हणजे विषय आपलाच झाला.

आमच्या गटाकडे एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे. डाळ, पापड, मसाले घेऊन ती यवतमाळच्या बाजारात जाते. रात्री-बेरात्री गावातल्या कोणाला कळा सुरू झाल्या, तर तीच व्हॅन दवाखान्यापर्यंत जाते. चालवणारी आमच्यातलीच एक. त्यामुळे या गाडीचे ब्रेक नीट आहेत की नाहीत, हा आमच्यासाठी नुसता पैशांचा प्रश्न नाही.

आता बघा, बाजारात आपण लुगडं घेतो तेव्हा पदर उलगडून पाहतो. तांदूळ घेतो तेव्हा दाणा हातावर घेतो. सर्व्हिसिंगचं तसं नसतं. काम होतं बॉनेटखाली, चाकाच्या आत, आणि तेही आपण तिथं नसताना. संध्याकाळी आपल्या हातात पडते किल्ली आणि एक कागद. गाडी धुतलेली असते, चकाचक दिसते. पण धुणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. कागदावर लिहिलेली एकेक ओळ गाडीत दिसते का, ते पाहायचं असतं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही व्हॅन एका गॅरेजमध्ये दिली. गॅरेजचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. देण्याआधी आमच्यातल्या दोघींनी नेलपॉलिशची बाटली घेतली. इंजिन थंड असताना एअर फिल्टरच्या कडेला एक बारीक ठिपका लावला, ऑइल फिल्टरवर एक लावला. मागच्या चाकांच्या नटांवरून चाकापर्यंत जाईल अशी एकेक छोटी रेघ ओढली. मोबाइलवर फोटो काढले. किलोमीटरचा आकडा वहीत लिहिला.

संध्याकाळी बिल आलं ७,२४० रुपयांचं. त्यात ऑइल होतं, ऑइल फिल्टर होता, एअर फिल्टर होता, आणि एक ओळ होती: मागचे ब्रेक खोलून साफ करणे व ॲडजस्ट करणे. आम्ही तिथंच बॉनेट उघडायला लावलं. ऑइल नवं होतं. ऑइल फिल्टरही नवा होता. पण एअर फिल्टर काढला तर आमचा ठिपका जागेवर, आणि कागदाच्या घड्यांमध्ये काळ्या मातीची धूळ तशीच. मग मागच्या चाकांकडे गेलो. एकाही नटावरची रेघ हललेली नव्हती. चाक काढल्याशिवाय मागच्या ब्रेकचा ड्रम उघडत नाही. म्हणजे ब्रेकला कोणी हातच लावला नव्हता.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ताई, सारं झालं आहे. तुम्हाले गाडीतलं काय समजते?" आम्ही वाद घातला नाही. फोटो दाखवला, ठिपका दाखवला, रेघ दाखवली. म्हटलं, "भाऊ, इंजिन आम्हाला नसेल समजत. पण ही रेघ आमची आहे, आणि ती तुटली नाही, हे आम्हाला समजते." मालक आले, त्यांनी पाहिलं. मग आमच्यासमोर चाकं निघाली, ड्रम उघडले. आतल्या लायनरची एका बाजूची जाडी फार कमी उरली होती. ती बदलावी लागली. एअर फिल्टर नवा बसला. बिल दुरुस्त होऊन मिळालं.

त्या दिवशी नुसत्या कागदावर विसंबून गाडी आणली असती, तर ब्रेक झाले आहेत असं समजून तीच गाडी पावसाळ्यात रात्री रस्त्यावर धावली असती. न केलेल्या कामाचे पैसे जातात ते जातातच. पण काम झालं असं समजून आपण निर्धास्त राहतो, धोका तिथं आहे.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. सगळे मेकॅनिक असे नसतात. आपल्याच गावातली कितीतरी पोरं गॅरेजमध्ये राबतात, हात काळे करून प्रामाणिकपणे काम करतात. आमच्या गटातल्या एकीचा मुलगाही हेच काम करतो. तो सांगतो, काही ठिकाणी बिल ठरलेल्या यादीवरून छापलं जातं आणि काम करणारा वेगळाच असतो. गर्दीच्या दिवशी एखादं काम राहून जातं, बिलात मात्र येतं. म्हणून जाताच चोर म्हणू नका. आधी विचारा, दाखवायला सांगा. प्रामाणिक माणूस आनंदाने दाखवतो.

आता करायचं काय, ते क्रमाने सांगतो. लिहून घ्या.

पहिली गोष्ट, गाडी देण्याआधी. कामांची यादी कागदावर करा. मोठ्या गॅरेजमध्ये त्याला जॉब कार्ड म्हणतात. त्यावर तारीख, किलोमीटर, कोणती कामं, अंदाजे खर्च किती, हे लिहून घ्या आणि एक प्रत मागा. लहान गॅरेज असेल तर आपल्याच वहीत लिहा आणि त्याची सही घ्या. यादीबाहेरचं काम निघालं तर आधी फोन करा, मग करा, असं स्पष्ट सांगा. आणि एक वाक्य जरूर लिहा: बदललेले जुने भाग परत द्यावेत.

दुसरी गोष्ट, खुणा. नेलपॉलिश सगळ्यांत सोपी. ती तेलकट जागेवर धरत नाही, म्हणून आधी फडक्याने पुसून घ्या. गरम इंजिनवर कधीच लावू नका, ओली नेलपॉलिश पेट घेते. ठिपका बारीक असावा, पटकन दिसणार नाही अशा जागी असावा. बॅटरीवर नंबर असतो, त्याचा फोटो काढा. टायर पुढचे मागे करायचे असतील तर टायरच्या आतल्या बाजूला खडूने पुढचा, मागचा असं लिहा.

तिसरी गोष्ट, गाडी घेताना. पैसे देण्याआधी पाहा. घरी आल्यावर नाही. ऑइल पाहायचं तर गाडी सपाट जागेवर हवी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली हवीत. ऑइलची पट्टी ओढा, फडक्याने पुसा, पुन्हा आत घाला आणि काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. पेट्रोल गाडीत नवं ऑइल मधासारखं दिसतं. पण डिझेल गाडीत आणि ट्रॅक्टरमध्ये नवं ऑइलसुद्धा थोडं चालताच काळं पडतं. म्हणून डिझेल गाडीत नुसत्या रंगावरून कोणाला खोटं ठरवू नका. तिथं फिल्टरवरची खूण पाहा, रिकामा डबा पाहा.

किती ऑइल घातलं तेही मोजा. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात इंजिनात किती लिटर बसतं ते लिहिलेलं असतं. पुस्तक म्हणतं तीन लिटर आणि बिलात चार लिटर, तर उरलेलं एक लिटर कुठं गेलं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. बंद डबा समोर उघडायला सांगा. उरलेलं ऑइल घरी आणा.

एअर फिल्टरचं झाकण बहुतेक गाड्यांत क्लिपा काढल्या की उघडतं. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ, कापसाच्या दिवसांत उडणारे तंतू, यांनी तो लवकर भरतो. नवा फिल्टर स्वच्छ दिसतो, जुना मातीच्या रंगाचा. प्लग बदलले असतील तर जुने प्लग हातात घ्या. व्हील अलाइनमेंट मशीनवर केलं असेल तर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला छापील कागद मागा. नव्या भागाची रिकामी खोकी मागा. त्यावर भागाचा क्रमांक आणि कमाल किंमत छापलेली असते. ती बिलाशी ताडून पाहा. कूलंटच्या टाकीचं किंवा रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

बिलात कधीकधी 'जनरल चेकअप', 'इतर खर्च' अशा ओळी असतात. त्यात नेमकं काय केलं, हे विचारा. ज्या कामाचं नाव सांगता येत नाही, त्याचे पैसे का द्यायचे?

चौथी गोष्ट, पक्कं बिल. भागांचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी लिहून घ्या. जीएसटी लावला असेल तर बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातल्या गॅरेजचा असेल तर तो २७ ने सुरू होतो. छोट्या गॅरेजकडे असा क्रमांक नसू शकतो, पण मग तो आपल्याकडून जीएसटीही घेऊ शकत नाही. साधी सही-शिक्क्याची पावती मात्र त्यानेही द्यायला हवी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे.

आता समजा, दाखवूनही गॅरेजवाला ऐकत नाही. तेव्हा काय?

आधी लेखी अर्ज द्या. तारीख, बिल क्रमांक, कोणतं काम झालं नाही, पुरावा काय आणि आपली मागणी काय, एवढंच लिहा. शिवीगाळ नको. पोहोच घ्या किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. त्याने काम झालं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीतही बोलता येतं.

त्यानेही मिटलं नाही, तर यवतमाळला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, गॅरेज नागपूरचं असो की अमरावतीचं, आपण जिथं राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आधीच्या, १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती.

एक काळजी घ्या. निव्वळ व्यापारासाठी घेतलेली सेवा या कायद्यात सहसा बसत नाही. पोटापाण्याच्या स्वयंरोजगाराचा विचार वेगळा होऊ शकतो. म्हणून गटाची किंवा मालाची गाडी असेल तर ती कशासाठी चालते हे तक्रारीत खरं लिहा, आणि आधी सल्ला घ्या. सल्ल्याला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे, त्याला उत्पन्नाची अटही नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० हा त्यांचा फोन आहे.

मैत्रिणींनो, हे हक्क आपोआप आले नाहीत. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बाया हातात लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. किंमत का वाढली, माल का मिळत नाही, हे विचारणाऱ्या त्या घरगुती बायाच होत्या. आपण गॅरेजच्या काउंटरवर उभं राहून एक प्रश्न विचारतो, तो त्याच वाटेवरचा आहे.

आणि हे काम आपल्याला नवीन नाही. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक आहे, बचत आहे, अंतर्गत कर्ज आहे, परतफेड आहे, आणि पाचवं सूत्र हिशेब ठेवण्याचं आहे. पाच रुपयांचा फरक आला तरी आपण वही पुन्हा तपासतो. तीच नजर गाडीकडे वळवायची. गाडीसाठी एक वेगळी वही करा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कोणी पाहिलं, किती पैसे दिले. ट्रॅक्टर असेल तर किलोमीटरऐवजी तासांचा आकडा लिहा. बिल त्याच पानाला टाचा. गॅरेजमध्ये शक्यतो दोघी जा, एकीने बोलावं, दुसरीने लिहावं. विहिरीवरची मोटार दुरुस्तीला गेली, पिठाची गिरणी खोलली, शिलाई मशीन दिली, तिथंही हाच नियम चालतो.

येत्या बैठकीत हा विषय काढा. गटातल्या कोणाकडे गाडी आहे, शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली, बिल आहे का, जुने भाग मिळाले का, एवढं एकमेकींना विचारा. आणि पुढच्या वेळी गाडी देताना कामांची यादी आणि नेलपॉलिशची बाटली सोबत ठेवा.